राखणीचा घोट

"दादा, एका घोटान काय जाता? देवाचो प्रसाद तो," काका म्हणाले आणि राखणदाराला दाखवलेल्या बाटलीतली दारू ग्लासात ओतून त्यांनी बाबांसमोर धरली.

मसुऱ्याजवळच्या आमच्या काजूच्या बागेत राखण होती. वर्षातून एकदा राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, कोंबडा आणि दारू द्यायची, गाऱ्हाणं घालायचं, प्रत्येक मागण्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं आणि मग घरातल्या थोरल्याने तीच दारू आधी तोंडाला लावायची, अशी आमची रीत. थोरले म्हणजे बाबा. भातकापणीपासून त्यांनी दारूला हात लावला नव्हता. त्यांनी देवापुढे फक्त नारळ ठेवला होता. बाटली काकांनी आणली.

मी केळीची पानं पुसत होते आणि आतून जळत होते. दारूपायी हॉस्पिटलात पडलेले बाबा आईलाही ओळखत नव्हते, त्यांचे हात खाटेला बांधावे लागले होते, तेव्हा या जमलेल्यांतला एकही फिरकला नाही. 'पिऊन पडलो तो' एवढं गावभर सांगायला मात्र सगळ्यांना वेळ होता. आणि आज देवाच्या आडून पुन्हा ग्लास पुढे करत होते. कोणी हसत होतं. "संन्याशी झालो गो तुझो बापूस," एक जण मला म्हणाला.

वॉर्डातल्या त्या दिवसांत मी देवाचं नाव टाकलं होतं. मग शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकाला बघायला आरोंद्याहून एक निवृत्त मास्तर आले, आग्नेल सर. ओळख ना पाळख. बाबांच्या बांधलेल्या हातांकडे पाहून ते म्हणाले, "माका पण ह्याच झाला होता," आणि स्टूल ओढून बसले. डॉक्टरांची औषधं चालू असताना ते येत राहिले. घरी आल्यावर दर रविवारी स्कूटरवरून बाबांना दारू सोडलेल्यांच्या बैठकीला नेऊ लागले. गणपतीत बाबा पुन्हा प्यायले, तेव्हा मी दार लावून घेतलं. सर मात्र रविवारी नेहमीसारखे दारात हजर. त्यांना कोणी पाठवलं, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

पहिला घोटच घ्यायचा नाही, बाकीचे त्याच्यामागून येतात, हे ते बाबांना पुन्हा पुन्हा सांगत. आणि मला एकदा म्हणाले होते, "आपल्या हातचा नाय तां देवाच्या हातात देऊचा. पण मनात न्हय गो, मोठ्यान सांगूचा."

बाबांनी ग्लास घेतला नव्हता, पण तो परतही सारला नव्हता. ते माझ्याकडे बघत होते.

आमच्याकडे गाऱ्हाणं पुरुष घालतात. शिवाय मी शाळेपासून इंग्रजीत वाढलेली, चारचौघांत मालवणी बोलायला लाजणारी. तरी पानं खाली ठेवून मी नारळापुढे गेले. शब्द कुठून आले, माहीत नाही. माझं त्यांत काहीच नव्हतं, म्हणूनच कदाचित ते आले. माझं गाऱ्हाणं ऐकून काकांनी ग्लास खाली केला आणि पहिला 'व्हय म्हाराजा' बाबांच्या तोंडून आला. त्या आवाजाबद्दल मी राखणदाराची आणि सरांची जन्माची ऋणी आहे. मी म्हटलं ते एवढंच:

"बा राखणदारा म्हाराजा, माझ्या बापाशीन नारळ ठेवल्यान हा, तो गोड मानून घे. दारू ह्या घरात परत येव नको. आमच्यान होना नाय, आता तूच त्येका सांभाळ. आणि कोप करूचो आसात तर माझ्यार कर रे म्हाराजा."