गौरीपुढची नानकटाई

पन्नास सालानंतरच्या त्या दिवसांत पिंपरीला कारखान्याच्या वसाहतीत आम्ही राहायला आलो. खोली एवढीशी, की पाय पसरले तर भिंत लागायची. म्हणून वसाहतीच्या महिला मंडळाने पत्र्याच्या शेडमध्ये सगळ्यांसाठी एक स्वयंपाकघर थाटलं होतं. सकाळी चिखलीच्या एक मावशी तिथे पापड लाटायच्या. दुपारी मी नानकटाई भाजायचे.

माहेरी, साताऱ्याला, दिवाळीआधी बायका घरचा मैदा, तूप, साखर घेऊन भट्टीवर जायच्या. तिथे उभी राहून मी शिकले होते. इथे भट्टी म्हणजे पत्र्याची पेटी, खाली निखारे, वर निखारे. कोळशाच्या धुराने डोळे चुरचुरायचे, पण तूप भाजल्याचा वास सुटला की मला राणी झाल्यासारखं वाटायचं. इतकी सुखी मी नंतर मोठ्या भट्टीपुढेही झाले नाही.

मंडळाने मात्र स्पष्ट सांगितलं होतं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला सगळ्यांना माझी नानकटाई मिळेल. आवडली, तर दुपारची वेळ कायमची माझी. नाहीतर शेवया करणाऱ्या बायका वाट बघतच होत्या.

त्या दिवशी माझी फार घाई झाली. फळीवरचा पिवळा डबा काढला, चमचाभर सोडा घातला, पीठ मळलं. मावशी म्हणाल्या, एक चाखून तरी बघ. मी त्यांनाच सुनावलं, की देवाआधी उष्टं करायची आमच्यात रीत नाही. गौरीला नैवेद्य दाखवला आणि आंब्याच्या डाळीबरोबर ताटल्या वाटल्या.

पहिल्या घासालाच बायकांनी तोंडं वाकडी केली. मी तुकडा तोंडात टाकला. खारट, कडवट. सोड्याऐवजी पापडखार पडला होता.

माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. मी सगळ्यांदेखत मावशींवर घसरले. त्यांचाही डबा पिवळाच. तो त्यांनी माझ्या जागेवर ठेवला, मुद्दाम ठेवला, असंसुद्धा बोलले. मावशींनी हातातली नानकटाई शांतपणे संपवली.

"डबा मीच सरकवला," त्या म्हणाल्या. "पोरीची चूक न्हाई. तिला आणखी एक डाव द्या."

मंडळाने दिला.

संध्याकाळी घरी आले, तर माझा डबा खिडकीत. सोडा मी नेलाच नव्हता. नाचता येईना अंगण वाकडं, तशी गत. लाजेने मला जेवण गेलं नाही.

सकाळी शेडमध्ये गेले. मावशी पीठ कुटत होत्या. माझा डबा घरीच राहिला होता, हे मी कसंबसं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"ठाव हाय मला. माझा डबा जागचा हललाच नव्हता. बस हितं, चार लाट्या कर."

दुसऱ्या खेपेची नानकटाई छान उतरली. दुपार माझी झाली आणि पुढे त्यावर माझं दुकान उभं राहिलं. मंडळापुढे खरं सांगायचं मी उद्यावर टाकत गेले. मावशी शेडमध्ये येत होत्या तोवर बायका त्यांना चिडवायच्या, "मावशी, डबा जागेवर ठेवलाय ना?" मावशी हसायच्या. आणि सगळ्यांबरोबर मीही हसायचे.