देवासाठी वेगळं पातेलं

‘पण आजी, तू तर माझं अर्धं खाल्लेलं आइस्क्रीम खातेस!’ असं तू म्हणालीस आणि मी ‘नंतर सांगते’ म्हणून फोन ठेवून दिला. ते नंतरचं आता लिहिते आहे. तुझ्या दादालाही वाचून दाखव.

खालच्या मजल्यावरच्या, करंज्या पाठवणाऱ्या ताई तुम्हाला आठवत असतील. त्या मूळच्या नगरकडच्या, ख्रिस्ती. आम्ही इथे दिल्लीत, द्वारकेत आल्यापासून त्यांचा नाताळचा मुरांबा माझ्याच स्वयंपाकघरात होतो, कारण माझं पातेलं मोठं आहे आणि, त्या म्हणतात, माझी शिस्त त्याहून मोठी. किन्नूच्या, म्हणजे इकडच्या संत्र्यांच्या, साली उकळून कडूपणा काढायचा, फोडींतल्या बिया वेचायच्या, हे माझं काम. साखर, दालचिनी, लवंगा त्यांच्याकडे. मुरांबा झाला की पहिली वाटी मी देवापुढे ठेवते आणि मगच आम्ही चहाबरोबर चाखतो. ‘आमचा नाताळ वरच्या ताईंच्या देवघरातून निघतो,’ असं त्या चर्चमध्ये कौतुकाने सांगत.

यंदा वाटी काढायच्या वेळेलाच तुमचा व्हिडिओ कॉल आला. फोन साखरेच्या डब्याला टेकवून मी बोलत राहिले. लवंग उतरली का ते पाहायला ताईंनी चमच्यावर फुंकर घातली, मुरांबा चाखला आणि तोच चमचा पुन्हा पातेल्यात फिरवला.

‘अहो, उष्टं झालं की!’ माझ्या तोंडून निघून गेलं.

‘होऊ दे. नाताळ माझा, उष्टंही माझंच,’ त्या हसून म्हणाल्या. ‘देवाला सांगा, एकदम जमलाय.’

तेव्हा तू विचारलंस, उष्टं म्हणजे काय. कुणाचं तोंड लागलेलं, असं मी सांगितलं. मग तू आइस्क्रीमचं काढलंस.

फोन ठेवला तेव्हा ताई हात धुवायला गेल्या होत्या. त्या परत आल्या तर मी दुसऱ्या शेगडीवर लहान पातेलं चढवून उरलेल्या फोडी त्यात टाकत होते.

‘हे कशाला?’

‘देवासाठी.’

‘अच्छा,’ त्या म्हणाल्या.

त्यांनी चहा घेतला नाही. गाझियाबादहून मुलगी यायची आहे म्हणाल्या. आपल्या बरण्या भरल्या, माझी ओट्यावर ठेवली, आणि गेल्या.

तुझे बाबा लहान असताना त्यांनी एकदा नैवेद्याच्या श्रीखंडात बोट घालून चाटलं होतं. मी हसले होते आणि तेच श्रीखंड देवापुढे ठेवलं होतं. त्या दिवशी मला दुसरं पातेलं आठवलं नव्हतं. तुम्हाला सगळी माणसं सारखी असं शिकवणारी, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी. माझा हात लहान पातेल्याकडे गेला तो विचार न करता गेला. मला लाज वाटते ती याचीच.

नाताळला त्यांच्या करंज्यांचं ताट नेहमीसारखं आलं. त्यावर एक वेगळी पुडी होती, आणि चिठ्ठी: ‘ही देवाची. तळल्याबरोबर बाजूला काढली आहे, कुणी चाखलेलं नाही.’

त्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. तो नव्हता. त्यांनी माझी सोय पाहिली होती.

मी तशीच जिना उतरून खाली गेले. आत पाहुण्यांचा गलका चालला होता. त्यांनीच दार उघडलं. काय बोलायचं ते मी जिन्यात नीट जुळवून ठेवलं होतं, पण निघालं ते भलतंच.

‘मुरांबा छान झालाय, ताई.’

‘कोणता?’ त्यांनी विचारलं.

त्यांनी दिलेली बरणी मी तोवर उघडलीही नव्हती. मला खोटं बोलता आलं नाही आणि खरंही. त्या माझा हात धरून म्हणाल्या, ‘या ना आत, थंडी आहे.’

मी आत गेले. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि करंजी दिली. न वापरलेल्या, कोऱ्या बशीत.