शिरेतून लोणी

“तोंडानं तूप बंद, अन् शिरेतून लोणी देऊन राहिले! काहून वं, सिस्टर?”

शेजारच्या खाटेजवळ बसणाऱ्या उमरेडच्या काकू बाबांना लावलेल्या चरबीच्या पांढऱ्या सलाईनकडे बोट दाखवत होत्या. काकू कुणालाही काहीही विचारतात. लिफ्टवाल्याला त्याचं बीपीसुद्धा. मला मात्र एकच प्रश्न विचारता येत नव्हता: बाबांच्या बिघडलेल्या लिव्हरला ही चरबी झेपेल का?

माझे नुसतेच हलणारे ओठ काकूंनी पाहिले असावेत. राउंड संपवून निघालेल्या डॉक्टरांची वाट त्यांनी जेवणाचा डबा आडवा धरून अडवली. “पहिले या पोरीले बोलू द्या.”

मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, “रिपोर्ट चांगलाय. चरबी रक्तात साचत नाहीये, शरीर वापरतंय.”

मी वळले आणि सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल अशी ओरडले, “काकू, बाबाले पचून राहिलं वं!”