सासूबाईंचा अडकित्ता आणि सातवीचं बहुमत

आमच्या गावच्या मिडल स्कूलमध्ये लोकशाही बुधवारी आली आणि गुरुवारी दुपारी सासूबाईंचा अडकित्ता गेला.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल असं मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी हसले असते. म्हणजे मनातल्या मनात. मोठ्यानं हसायचं किंवा बोलायचं झालं की माझी जीभ टाळूला चिकटते. घरी कोणी परका माणूस आला तर मी दाराआडून "घरी नाहीत" एवढंच सांगते. (एकदा मास्तर माझ्या मागेच पाटावर जेवत होते, तरी मी "घरी नाहीत" सांगून पाहुणा परत पाठवला. तो पाहुणा म्हणजे त्यांचा सख्खा मामा होता!)

मास्तर म्हणजे आमच्या घरचे मालक. उमरखेडहून दोन कोसांवरच्या आमच्या गावात ते सातवीला शिकवायचे. नवीन राज्य होऊन वर्ष दीड वर्ष झालं होतं आणि मास्तरांच्या अंगात त्या राज्याहून जास्त उत्साह संचारला होता. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात राजेशाही, हुकूमशाही आणि लोकशाही असे धडे होते, आणि शेवटी शेपटासारखा अर्थशास्त्राचा एक छोटा धडा. दुसरा कोणी असता तर फळ्यावर प्रश्नोत्तरं लिहून मोकळा झाला असता. पण आमचे मास्तर!

"पाठ केलेलं परीक्षेपर्यंत राह्यते, करून पाह्यलेलं जन्मभर," असं म्हणून त्यांनी सोमवारी वर्गात राजेशाही आणली. राजा चिठ्ठी टाकून निवडला. (राजा चिठ्ठीनं ठरतो का, हे मी विचारलं नाही. मी चौथी शिकलेली, ते मास्तरकीची नॉर्मल परीक्षा पास.) पाटलाच्या मुलाच्या नावाची चिठ्ठी निघाली. त्यानं पहिला हुकूम सोडला की राजाची गणितं प्रजेनं सोडवावी. मंगळवारी हुकूमशाही आली आणि हुकूमशहा झाली आमची लेक सुमी. तिनं दिवसभर कोणाला पाणी प्यायला जाऊ दिलं नाही. दोन मुली रडत घरी गेल्या आणि त्यांच्या आया संध्याकाळी आमच्या दारात आल्या. मी आतून सांगितलं, "घरी नाहीत."

बुधवारी लोकशाही आली. हात वर करून कायदे होऊ लागले. गुरुवारी बाजार भरवायचा ठरला. पैसा नव्हता तेव्हा लोक वस्तू देऊन वस्तू कसे घेत, ते मुलांना कळावं म्हणून. मास्तरांनी मुलांना सांगितलं, "घरात कोणी वापरत नाही अशी एक एक वस्तू आणा." आणि मुलांनी बहुमतानं कायदा केला की एकदा झालेला सौदा मोडायचा नाही.

गुरुवारी शाळा सुटली आणि आमच्या अंगणात ट्रिंग ट्रिंग वाजलं. बाहेर येऊन पाहते तर सुमी हातात सायकलची घंटी घेऊन उभी! आमच्याकडे सायकल नाही. कधी नव्हतीही.

"कुठून आणली वं?"

"सौदा केला, आई! रशीदची हाय."

"अन् तू काय देल्लं?"

"घरात कोनी वापरत नाही ते. आजीचा अडकित्ता."

मी तिथंच उंबरठ्यावर बसले.

तो अडकित्ता म्हणजे सासूबाईंचा जीव की प्राण होता. पितळी दांड्यांचा, टोकाला दोन पोपट असलेला. सासऱ्यांनी लग्नात दिलेला. त्या महिनाभरापासून राजूरला गेल्या होत्या, नणंदेच्या बाळंतपणाला. जावई कोळशाच्या खाणीत, दोन खोल्यांत दहा माणसं, तिथं हरवेल म्हणून अडकित्ता घरी ठेवला होता. निघताना मला बजावून गेल्या होत्या, "जिवापरीस जपजो." आणि आता शनिवारी दुपारच्या एस.टी.नं त्या परत येणार होत्या! आल्या की पाय धुतील, पाटावर बसतील आणि म्हणतील, "आण वं माहा पानाचा डबा." त्यानंतर काय होईल ते मला डोळे मिटूनही दिसत होतं.

सुमीचंही चुकलं नव्हतं. आजी महिनाभर घरी नाही, म्हणजे अडकित्ता कोणी वापरत नाही. मास्तरांनी सांगितलं त्याचा अर्थ तिनं बरोबर लावला होता. बापाच्या वळणावर गेलेली पोरगी!

मास्तर आले. मी म्हटलं, "अवो, त्या पोराकडून अडकित्ता आणून द्या."

"आणता येत नाही."

"काहून?"

"सौदा मोडायचा नाही, असा कायदा झाला."

"मंग कायदा मोडा! मास्तर तुमीच ना?"

"मी फक्त अध्यक्ष आहो," मास्तर शांतपणे म्हणाले. "हुकूमशाही मंगळवारी संपली."

"शनवारी तुमच्या आई येऊन राह्यल्या!"

हे ऐकून मास्तरांचा रंग जरा उतरला. आईपुढे त्यांची लोकशाही कधी टिकली नव्हती. पण माणूस तत्त्वाचा! ते म्हणाले, "असं करा, उद्या तुमी वर्गात या. आपली बाजू मांडा. सभेनं कायदा बदलला तं बदलला."

रात्रभर मी मनात भाषण जुळवत राहिले. शुक्रवारी डोक्यावर पदर घेऊन शाळेत गेले. वर्गात शिरले आणि चाळीस पोरं एकदम उभी राहून ओरडली, "नमस्ते!" त्या आवाजानं भाषणाचा अर्धा भाग जागीच पडला. उरलेला मी बोलायला घेतला.

"मुलांनो... तो अडकित्ता..."

एवढंच! पुढे सगळी पाटी कोरी. मी फळ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि शेवटी डोळ्यांत पाणी आलं म्हणून खिडकीकडे पाहिलं. मास्तरांनी सभेला सांगितलं, "बाईंची बाजू अशी आहे की सौदे मोडावे. अनुकूल असतील त्यांनी हात वर करा."

सात आठ हात वर गेले. त्यातल्या दोघांना आपले भोवरे परत हवे होते.

"प्रतिकूल?"

बाकीचा सगळा वर्ग! आणि पहिल्या बाकावर सगळ्यांत उंच हात कोणाचा? सुमीचा! घंटी हातातच होती, त्यामुळे तिचं मत वाजलंसुद्धा. माझ्या पोटची पोर, आणि विरोधात!

"पाह्यलं?" मास्तरांचा चेहरा फुलून आला होता. "आईविरुद्धही मत देता येते! यालेच लोकशाही म्हनतात!"

मला त्या क्षणी राजेशाहीची फार आठवण आली.

बाहेर पडताना रशीद मागून पळत आला. गफूर मिस्त्रीचा हा पोरगा, स्वभावानं गरीब. म्हणाला, "चाची, रोओ मत. पर अडकित्ता मेरे पास हैच नहीं. तांड्यावरच्या सेवंतीले देल्ला. तिनं कोंबडा देल्ला."

"कोंबडा? वर्गात?"

"हां, मास्तरनेच बाजू की बेंच पे बिठाया था."

मला वाटलं, चला, सोपं झालं! कोंबडा परत द्यायचा, अडकित्ता घ्यायचा. मग घंटी द्यायची. मुलांच्या सभेला काही न सांगता मोठ्यांनीच मिटवून टाकायचं. मी तशीच गफूर मिस्त्रीच्या घरी गेले. त्याची बायको बानूबी दारात लसूण सोलत होती. मी दहा वेळा पदर सारखा केला आणि म्हटलं, "तो कोंबडा..."

"अरे भाभी, क्या मुर्गा था!" बानूबी उठून उभी राहिली. "रशीद बोला, स्कूल से मिला. मले वाटलं, पोरगा पयला आला! इनाम भेटला! कल ही काट डाला, मोहल्ले को खिलाया!"

मी भिंत धरली.

"काहून, भाभी? काय झालं?"

सगळं ऐकल्यावर बानूबीनं आधी रशीदच्या पाठीत एक धपाटा घातला (या घरात कोणाचं राज्य आहे हे लगेच समजलं) आणि मग माझ्याकडे वळून फार मायेनं म्हणाली, "थोडा सालन बचा है. वह दे दें सेवंती की बुढ्ढी दादी को?"

आमच्या घरात अंडंसुद्धा चालत नव्हतं. कोंबड्याच्या रश्श्याचं पातेलं घेऊन गावातून जाताना मला कोणी पाहिलं असतं तर अडकित्त्याचा प्रश्नच उरला नसता!

मी तशीच रिकाम्या हातानं तांड्याकडे निघाले. सोबत सुमीला घेतलं, वाट दाखवायला. (आणि तिला जरा उन्हात चालवायला.)

बंजाऱ्यांचा तांडा अर्ध्या कोसावर. सेवंतीची आजी, धर्मीआजी, हातभर बांगड्या घालून झोपडीपुढं बसली होती आणि दगडावर पाणी टाकून एक पातं सर सर घासत होती. त्या पात्याच्या दांड्यांवर दोन पितळी पोपट चमकत होते. मी धावतच पुढे गेले आणि नेहमीप्रमाणे गप्प उभी राहिले. शेवटी सुमीच बोलली, "आजी, माह्या आईले अडकित्ता वापस पाह्यजे."

"माहा कोंबडा कुठं हाय?"

"रशीदच्या घरच्यांनी खाल्ला."

"मंग अडकित्ता बी गेला," असं म्हणून धर्मीआजीनं पुन्हा घासायला सुरुवात केली.

एवढ्यात तांड्याचे नाईक आले. तांड्यात त्यांचा शब्द शेवटचा. मला धीर आला. इथं हात वर करण्याची भानगड नव्हती. सुमीनं सगळं सांगितलं. नाईकांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "पोट्यायनं मोठ्यायले न इचारता सौदा केला, थे चुकलं. पण कोंबडा पोटात गेला. म्हातारीचा कोंबडा कोन देईन? तिचं मन भरलं पाह्यजे. तिले काय पाह्यजे ते दे, अन् तुहं ने." झाला न्याय! एका मिनिटात. मास्तरांच्या सभेला एवढ्यासाठी दोन तास लागले असते आणि मी हरले असते.

मग मी विचारायला लागले. माझ्या नवीन लुगड्याचं नाव घेतलं.

"मी आमचा फेटिया घागरा घालते, बाई. लुगडं कायले?"

"तुरीची डाळ?"

"माह्या वावरात तूर हाय."

"पाण्याचा पितळी गडवा?"

"चार हायत."

"मास्तरांची छत्री?" (मास्तरांना विचारलं नव्हतं. बहुमत माझंच होतं.)

"पाऊस गेला आता." धर्मीआजीनं पातं बोटावर टेकवून पाहिलं. "बाई, माह्या सासऱ्याचे बैल मीठ घेऊन घाट चढत होते. मीठ द्यायचं, ज्वारी घ्यायची. तुह्या मास्तरले सांगजो, दोघायलेबी पाह्यजे असलं तं त्याले सौदा म्हनते. एकालेच पाह्यजे असलं तं त्याले मांगनं म्हनते."

मास्तरांनी याच धड्यासाठी बाजार भरवला होता. मला तो कळला शुक्रवारी दुपारी, तांड्यात, रडू आवरताना.

आणि तेव्हा म्हातारीच आपणहून म्हणाली, "लोनचं हाय का तुह्याकडे? आंब्याचं? नुसती कोरडी भाकर गिळत नाही."

लोणचं! मी उभ्या आयुष्यात इतक्या मोठ्यानं कोणालाही "हो!" म्हटलं नव्हतं. शनिवारी सकाळी लहान बरणी भरून तांड्यावर नेऊन दिली, अडकित्ता पदरात गुंडाळला आणि परत येताना जवळजवळ पळतच आले. मागे सुमी घंटी वाजवत होती. रशीद म्हणाला होता, ठेव म्हणून.

दुपारच्या एस.टी.नं सासूबाई आल्या. त्या आल्याचं कळताच बाळंतिणीची खबर ऐकायला चार शेजारणी येऊन बसल्या. पाय धुतले. पाटावर बसल्या. "आण वं माहा डबा." मी डबा पुढे ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन उभी राहिले. सासूबाईंनी सुपारी अडकित्त्यात धरली आणि दाबली. सुपारीचे दोन तुकडे टपकन खाली पडले.

सासूबाई थांबल्या. पात्याकडे पाहिलं. दुसरी सुपारी घेतली. तीही लोण्यासारखी कापली गेली.

"सूनबाई!"

मी बाहेर आले.

"याले धार कोनं लावली? वीस वर्सापासून बोथट होता हा!"

मी खरं सांगायला तोंड उघडलं. पण समोर सासूबाई, शेजारणी, मागे दारात मास्तर. जीभ टाळूला चिकटली. मी नुसती खाली पाहत उभी राहिले.

"पाहा वं बाई माही सून!" सासूबाईंनी अडकित्ता शेजारणींपुढे धरला. "मी नसताना धार लावून ठेवली, अन् तोंडानं सांगतबी नाही!"

मास्तर छताकडे पाहू लागले. सुमीनं घंटी वाजवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलीणबाईंचा अडकित्ता आला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या दोन विळ्या आल्या. आठवडाभरात गल्लीतला एकही बोथट जिन्नस आमच्या घराकडे यायचा राहिला नाही. मला "माझ्यानं होत नाही" एवढं म्हणता आलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं. पण चार अक्षरं एकत्र बोलणं मला कधी जमलंय? दर आठवड्याला मी पिशवी पदराखाली धरून तांड्यावर जात राहिले. धर्मीआजी एका पात्याला एक वाटी लोणचं घ्यायची, आणि वाटी तिची, चांगली मोठी असायची!

त्या वर्षी आमच्या लोणच्याची मोठी बरणी संक्रांतीच्या आधीच तळाला लागली. सासूबाई म्हणाल्या, "खाते तरी कोन एवढं?" मास्तर ओसरीवर दुसऱ्या दिवशीचा पाठ काढत बसले होते. ते मोठ्यानं वाचत होते की वस्तू देऊन वस्तू घेण्याची पद्धत गैरसोयीची असल्यामुळे आता सगळीकडे बंद पडली आहे.

मी शेजारची विळी पिशवीत घातली, उरलेलं लोणचं वाटीत काढलं आणि मागच्या दारानं निघाले.