लोंबतं बटण

आमच्या ह्यांना गल्लीत सगळे शंकासुर म्हणतात, आणि मी कधी कुणाला अडवलं नाही. लग्नानंतर मी केलेला पहिला चहासुद्धा ह्यांनी आधी उजेडात धरून पाहिला होता. खाली आमचा फोटो स्टुडिओ, वर घर. लोकांच्या गालांवरचे डाग पुसण्यात, टकलांवर केस पेरण्यात आणि नकोशा झालेल्या जावयांना ग्रुप फोटोतून कापून काढण्यात ह्यांचा जन्म गेला. असा माणूस मोबाइलवरच्या व्हिडिओवर सहजासहजी विश्वास ठेवील कसा?

त्यामुळे गल्लीत कुणालाही कसलाही व्हिडिओ आला की तो आधी आमच्या काउंटरवर यायचा. हे चष्मा कपाळावर सरकवून बघायचे. गुळगुळीत चेहरा, झकास उजेड, मागे वाजणारं काहीतरी, असं असलं की निकाल ठरलेला: "हे मलाही करता येतं." म्हणजे खोटं. हललेला, अंधारलेला, मध्येच कुणाचं बोट आलेला असला की खरा. लोक मान डोलावून जायचे आणि ह्यांचा दिवस चांगला जायचा.

त्या दिवशी आलेला व्हिडिओ अगदी तसाच हललेला होता. समोरच्या गच्चीवरून कुणीतरी काढलेला. पाळणाघर चालवणाऱ्या बाई, ज्यांना लहानथोर सगळेच मावशी म्हणतात, एका पोराला मांडीवर पालथं घालून पाठीत धपाधप मारत होत्या. एवढंच. ह्यांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला आणि म्हणाले, "ह्याला कुणी हात लावलेला नाही. खरा आहे." झालं, शिक्कामोर्तब. संध्याकाळच्या आत पाळणाघर रिकामं झालं.

मावशी जीव तोडून सांगत होत्या, की पोराच्या सदऱ्याचं लोंबतं बटण तोंडात गेलं, घशात अडकलं, म्हणून पाठीत मारलं. पडलेलं बटणही त्यांनी दाखवलं. लोक म्हणाले, चोराच्या उलट्या बोंबा. पोराच्या आईने तर पर्समधून आमच्याच स्टुडिओतला फोटो काढला. आदल्याच दिवशीचा, तोच सदरा, गळ्याशी बटण कसं जागच्या जागी. तिचं म्हणणं, ते मारतानाच तुटलं. मावशींचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घर चालतं ते पाळणाघरावर. मला मावशींचं म्हणणं खोटं वाटेना.

कारण मला ह्यांची एक कुरकुर आठवत होती. तो फोटो नीटनेटका करताना हे पुटपुटले होते, की हल्ली पोरांची बटणं शिवायलासुद्धा लोकांना सवड नाही. सकाळी खाली जाऊन मी कॉम्प्युटरवरचा मूळ फोटो उघडला. बटण दोऱ्याला लोंबत होतं. ते सरळ बसवलं होतं ह्यांनीच, कुणी न सांगता, हाताच्या सवयीने. मी हाक मारून दाखवलं तशी हे चष्मा कपाळावर सरकवून खुर्चीत बसून बघू लागले. माझा राग काही मी गिळला नाही. म्हटलं, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधण्यात जन्म गेला, आता हे मुसळ बघा आणि उठा.

फोटो मोबाइलमध्ये घेऊन आम्ही पोराच्या आईकडे गेलो. मावशीही आल्या आणि जिन्यातच मागे थांबल्या. ह्यांनी सगळं सांगितलं, आपल्या हातून काय झालं तेही. तिने फोटो बोटांनी मोठा केला आणि बटणापाशी थांबली. ते बटण तिला आठवलं, हे मी शपथेवर सांगते. मग तिने मोबाइल परत दिला.

"काका, हे तर तुम्हालाही करता येतं."

मागे मावशी जिना उतरू लागल्या होत्या.