ती चिठ्ठी कुणाची होती

अनिकेतचा फोन आला तेव्हा मी बेकरीच्या रांगेत उभी होते. "वसुधाताई, आई गेली," एवढंच तो मराठीत बोलला, पुढचं सगळं जर्मनमध्ये. न्यूमोनिया, चार दिवस हॉस्पिटल, आज सकाळी... मी पाव न घेताच रांगेतून बाहेर पडले. खरं सांगायचं तर दुःखाच्या आधी मला भीती वाटली. शैलजाताईंना, म्हणजे अनिकेतच्या आईला, आणि मला, आम्हा दोघींनाच एक गोष्ट माहीत होती. आता ती माझ्या एकटीजवळ उरली होती आणि त्यांच्या मुलाला ती सांगणं माझ्यावर येऊन पडलं होतं. त्याला आता सहा आठवडे झाले.

शैलजाताई आमच्या कितीतरी आधी जर्मनीत, नेकारसुल्मला आल्या. यजमान इंजिनिअर होते, पण लवकर गेले. मग शाळेच्या स्वयंपाकघरात काम करत त्यांनी अनिकेतला वाढवलं. तो बर्लिनला नोकरीला लागल्यावर स्टेशनच्या मागे एका जुन्या इमारतीत त्या एकट्या राहायला गेल्या. मराठी मंडळात गणपतीला मोदक वळायला त्या असत, आणि महिन्याच्या पहिल्या गुरुवारी चर्चच्या सभागृहात ब्युर्गरफोरुमला कॉफी द्यायलाही त्याच असत. गावातली गरिबी, घरभाडी, कामधंदा यांवर लोकांनी उघड बोलायची ती सभा. गावात एवढा मोठा गाड्यांचा कारखाना असताना गरिबी कसली, असं मला तेव्हा वाटायचं.

मग एका हिवाळ्यात माझ्या नवऱ्याची, मिलिंदची, नोकरी गेली. आमच्या लोकांत नोकरी गेली असं कुणी म्हणत नाही, 'प्रोजेक्ट संपलं' म्हणतात. आम्हीही तेच म्हणत होतो. इथे राहायचा परवाना नोकरीला बांधलेला, नोकरी गेल्याचं बाहेर कळलं तर तोही जाईल ही धास्ती. तसं पत्र येईल म्हणून मी पत्रपेटी उघडायची टाळत असे, जिन्यात पावलं वाजली की मी पुस्तक मिटून ऐकत बसे. बाबा घरी असतात हे शाळेत सांगायचं नाही, असं मुलीला बजावलं होतं. ती जर्मनमध्ये विचारायची, "का?" आणि मी मराठीत तिला गृहपाठ काढायला सांगे.

शैलजाताई एकदा सहज आल्या आणि त्यांनी कोट काढलाच नाही. "अगं, घरात एवढा गारठा आणि म्हणे प्रोजेक्ट संपलं! मला काय खुळी समजतेस?" मी रडले. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "हे सगळं लिही. फोरुमला दाराशी पेटी असते, त्यात चिठ्ठी टाकायची. समोर नगरपालिकेची माणसं बसतात, त्यांना उत्तर द्यावं लागतं. आणि घाबरू नकोस, तिथे कुणी रडत नाही. जर्मन माणूस रडायलासुद्धा फाइल घेऊन येतो."

मी जर्मनमध्ये लिहिलं. एकच खोली तापवतो, बाकीची दारं बंद ठेवतो. कुणी येतो म्हणालं तर आजारी असल्याचं सांगतो. मदत मागायला जायची लाज वाटते आणि लाजेपेक्षा भीती जास्त. शैलजाताईंनी ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं. "बरोबर लिहिलंयस," एवढंच म्हणाल्या. नाव मात्र मी घातलं नाही. मंडळाच्या सूचनापेटीत कोण नाव घालतं? इथेही तसंच असेल असं मी धरून चालले होते.

त्या गुरुवारी सभा चालवणाऱ्या बाईंनी चिठ्ठी मोठ्याने वाचली, उलटून पाहिली आणि म्हणाल्या, "निनावी चिठ्ठीवर आपण इथे चर्चा करत नाही. कुणाची आहे?" मागच्या रांगेत मंडळातलं एक जोडपं बसलेलं मी मघाशीच पाहिलं होतं. पुढे वर्तमानपत्राचा फोटोग्राफर होता. मी माझ्या बुटांकडे बघत राहिले.

"माझी," शैलजाताई म्हणाल्या. कॉफीचा थर्मास त्यांच्या हातातच होता.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोटो छापून आला. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो फिरला, "मुलगा बर्लिनला मजेत आणि आई बघा" वगैरे. अनिकेतपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. "ती चिठ्ठी माझी नव्हती रे, आणि कुणाची ते विचारू नकोस," असं त्यांनी त्याला सांगितलं. त्याला ते खोटं वाटलं. सगळ्या गावासमोर आईने आपल्याला नालायक ठरवलं, हे त्याच्या मनातून गेलं नाही. त्याचे फोन दिवाळी आणि वाढदिवसापुरते उरले. मी त्याला खरं सांगते म्हटलं तर ताई कडाडल्या, "आधी तुमचा कायमचा परवाना होऊ दे. तोवर तोंड उघडलंस तर बघ!"

मिलिंदला पुढे तासाभराच्या अंतरावर झिंडेलफिंगेनला नोकरी लागली. तीन वर्षांनी परवानाही झाला. तरी मी बोलले नाही. आधी परवान्याची भीती होती, मग उशीर झाल्याची. ताईंनी पुन्हा कधी विषय काढला नाही. मी गेले की चहा टाकायच्या, पुस्तकांचं विचारायच्या...

गेल्या आठवड्यात घर रिकामं करायला अनिकेतने मला बोलावलं. पुढच्या खोलीत, जिथे मी नेहमी बसायचे, तिथे कोट अंगात असतानाच मी सगळं सांगून टाकलं.

"आल्झो... तर मग तुमची?" तो म्हणाला.

"माझी."

"म्हणजे आई खरं बोलत होती." तो हातातलं खोकं ठेवून खाली बसला. मी त्याची बोलणी खायच्या तयारीने गेले होते, पण त्याचा चेहरा निवळत गेला. "मला सारखं वाटायचं, आई इथे थंडीत बसलीय आणि मी तिकडे... गेनाऊ, अगदी हेच वाटायचं, दर हिवाळ्यात. पण विचारायला गेलो की भांडणच व्हायचं. म्हणजे तसं काही नव्हतंच." डोळे पुसून तो उठला. "चला, आतली खोली राहिलीय."

इतक्या वर्षांत ती खोली मी पाहिली नव्हती. अनिकेतनेही नाही. त्याची नि आईची भेट व्हायची ती बर्लिनला, 'तुला कुठे सुट्टी, मीच येते' म्हणून त्याच जायच्या. दार फुगलं होतं, खांद्याने ढकलावं लागलं. आतून गारठा आणि बुरशीचा वास आला. खिडकीखालची भिंत काळी पडली होती. पलंगावर गादी नव्हती. ती पुढच्या खोलीत होती, गुंडाळून, वर चादर घालून. तिलाच टेकून मी इतकी वर्षं चहा पीत आले होते.

अनिकेतने हीटरच्या बटणावरून बोट फिरवलं आणि त्यावरची धूळ बघत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "वसुधाताई, चिठ्ठी नक्की तुमचीच होती ना?"

"अक्षर माझं होतं," मी म्हणाले. ताई तेव्हा 'बरोबर लिहिलंयस' का म्हणाल्या, ते मला आत्ता कळत होतं.