आठवणीची तपासणी

उतारवयातल्या तब्येतीचा अभ्यास करणारी एक पोरगी रिठदच्या घरी आली, तेव्हा मी वाशीमहून मायला भेटायला गेले होते. पोरीनं मायचा बीपी मोजला, हाताची पकड तपासली, अंगणात चालवून पाहिलं. मग म्हणाली, "आजी, मी काही शब्द वाचते. आठवतील तेवढे सांगा."

मला मायबद्दल धाकधूक होती. पण तिनं नदी, कागद, बैल, खिडकी असे धडाधड सांगितले.

"ताई, पंचेचाळीसच्या वरच्यांनाही अभ्यासात घेतो आम्ही," पोरगी माझ्याकडे वळली.

तिनं दुसरे शब्द वाचले. मी पहिला सांगितला, दुसरा सांगितला, आणि पुढे काहीच येईना. पोरगी थांबली. मायचं हसू मावळलं.

निघताना पोरगी म्हणाली, "काही वर्षांनी परत येऊ. त्याच माणसांना भेटतो आम्ही."

"कायले? कोन उरलं ते पाहाले?" मायनं विचारलं.

"तेही असतं, आजी," ती हळूच म्हणाली.

शिरपूरची माझी धाकटी मावशी माझ्या आत्ताच्या वयाची असताना शब्द विसरायला लागली होती. पुढे पोटची पोरं विसरली. शेवटच्या भेटीत तिनं मला विचारलं होतं, "तू कोनाची व?"

संध्याकाळी विहारात वंदना म्हणताना मी मधेच अडखळले. बाजूला बसलेल्या मायला ते कळलंच.

"कायले एवढी घाबरून राह्यली?" घरी येताना तिनं विचारलं.

"मावशीसारखं झालं तर, माय?"

ती म्हणाली, "उद्या दवाखान्यात जाऊ." माझा दंड तिनं इतका घट्ट धरला होता, की तीही घाबरल्याचं मला समजलं.

वाशीमच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. जीवनसत्त्व कमी आहे, झोपही कमी पडते, म्हणाले. इंजेक्शनं दिली. "बहुतेक फरक पडेल. नाही पडला तर पुढं पाहू."

त्या 'बहुतेक'वर मी सध्या जगते आहे. माय रिठद सोडून माझ्याकडे राहायला आली. शहरात तिला करमत नाही, तरी जायचं नाव काढत नाही. परवा भाजीला फोडणी देताना मागे वळून पाहिलं, तर ती दारात उभी राहून माझ्या हातांकडे टक लावून बघत होती.

"काय पाहून राह्यली, माय?"

"काई नाई व," ती म्हणाली. पण दारातून हलली नाही.